फोनची नोंदवही आणि तिची किल्ली

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आजवर बेणे, लागण, हुमणी, खोडव्यातील पाचट असे विषय येत गेले. या खेपेस फोनच्या कारभाराचा विषय घेतला आहे, याचे काहींना नवल वाटेल. "शेतकी खात्याने माती सोडून मोबाईल कधीपासून हातात घेतला?" असेही कोणी म्हणेल. पण गळीत हंगामात सभासद आणि शेतकी खाते यांची गाठ पडते ती मुख्यतः फोनवर. टोळी कधी येणार, गाडी कुठे अडकली, वजन किती भरले, सगळे फोनवर चालते. त्या फोनचे बिल कारखाना भरतो, म्हणजे पर्यायाने तुम्हीच भरता. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जण विकास सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था यांच्या संचालक मंडळावर आहेत. कोणाचे हार्वेस्टर आहे, कोणाच्या वाहतुकीच्या गाड्या आहेत. तिथेही संस्थेच्या नावावर पाच-पंचवीस नंबर असतातच. या सगळ्या नंबरांचा कारभार आता टेलिफोन कंपनीच्या ऑनलाईन पोर्टलवरून करावा लागतो. तो कसा चालतो, कुठे घसरतो आणि घसरला तर नुकसान कोणाचे होते, एवढे या लेखात सांगायचे आहे.

जुन्या सभासदांना कारखान्यांतील टेलिफोन एक्स्चेंज आठवत असेल. ऑपरेटर फळ्यासमोर बसायचा, बाहेरचा कॉल लावायचा तर त्याला सांगावे लागे, आणि ट्रंक कॉल असेल तर कोणी, कुठे, किती वाजता, कोणत्या कामासाठी लावला याची नोंद रजिस्टरात व्हायची. महिनाअखेर बिल आले की लेखा विभाग ते रजिस्टर समोर ठेवून ताळा घ्यायचा. ही पद्धत संथ होती खरी, पण तिच्यात एक मोठी सोय होती. फोन कोणाच्या ताब्यात आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत असे. मोबाईल आल्यावर फोन प्रत्येकाच्या खिशात गेला आणि ते रजिस्टर मागे पडले. पोर्टल म्हणजे तेच रजिस्टर, पण कंपनीच्या संगणकावर ठेवलेले. फरक एवढाच, की जुन्या रजिस्टरात नुसते लिहिता येत होते. या रजिस्टरात लिहिले की ते प्रत्यक्षात घडते. इथे बसून नंबर बंद करता येतो, चालू करता येतो, त्याचा प्लॅन बदलता येतो, आणि जुने सिम रद्द करून नव्या सिमवर तोच नंबर उतरवण्याची मागणीही टाकता येते. म्हणून या रजिस्टरची किल्ली कोणाकडे आहे याला महत्त्व.

खाते कसे उघडते

संस्थेने कंपनीकडे अर्ज करायचा. सोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक, आणि संचालक मंडळाचा ठराव. ठरावात 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' कोण हे लिहिलेले असते. त्याच्या नावाने, त्याच्या ईमेलवर आणि मोबाईलवर पोर्टलचे लॉगिन तयार होते. तो झाला मुख्य प्रशासक. पोर्टल उघडले की संस्थेचे एक मुख्य खाते दिसते, त्याखाली पोटखाती. कारखान्यात म्हणाल तर शेतकी, इंजिनिअरिंग, उत्पादन, लेखा अशी पोटखाती करता येतात. शेतकीखाली पुन्हा गटवार. प्रत्येक पोटखात्यात नंबरांची यादी असते. नंबर, वापरणाऱ्याचे नाव, सिमचा क्रमांक, प्लॅन, चालू की बंद, मागील बिल. कंपनीगणिक पडद्यावरची मांडणी वेगळी असते, पण आतला सांगाडा बहुतेक असाच.

मुख्य प्रशासकाला आपल्या हाताखाली आणखी माणसे नेमता येतात आणि प्रत्येकाला किती अधिकार द्यायचा हे ठरवता येते. लेखा विभागाच्या माणसाला फक्त बिल पाहण्याचा. गटाच्या माणसाला फक्त आपल्या गटाच्या नंबरांचा. कोणाला नुसते पाहता येईल, बदल करता येणार नाही, असाही. हे काही नवे नाही. आपल्या काट्यावरचा कारकून वजन नोंदवतो, पण उसाचे बिल काढत नाही. बिल काढणारा वजन बदलू शकत नाही. फोनच्या बाबतीत मात्र होतं काय, की वेळ वाचावा म्हणून एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड चार जण वापरतात, तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, आणि मग एखादा नंबर बंद झाला तर तो कोणी केला हे शोधता येत नाही. पोर्टलमध्ये कोणत्या लॉगिनने कधी काय केले याची नोंद राहते. पण चौघांचे लॉगिन एकच असेल तर त्या नोंदीचा उपयोग शून्य.

नंबर माणसाचा की पदाचा

खरे दुखणे इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हंगाम ऐन भरात असताना रात्री साडेअकराला एखाद्याच्या उसाला आग लागते. तारेची ठिणगी असेल, शेजारच्या बांधावरचे पाचट असेल. अशा वेळी सभासद दोन गोष्टी करतो. शेजाऱ्यांना हाक मारतो आणि गटाच्या फोनवर खबर देतो. जळालेला ऊस उभा राहिला की वजन घटते, साखर उतरते, आणि जळीत म्हणून बिलात कपात होते ती वेगळीच. खबर जितकी लवकर, तितकी टोळी लवकर. त्या रात्री सभासदाच्या हाताशी असतो तो तोडणीच्या चिठ्ठीवर किंवा नोंदीच्या पावतीवर छापलेला नंबर.

आता एका कारखान्याच्या गट ऑफिसात काय झाले ते सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. तिथल्या चिटबॉयने हंगामाआधी नोकरी सोडली आणि तो दुसरीकडे लागला. त्याच्याकडचा कारखान्याचा नंबर चार वर्षे सगळ्या गावांत पाठ झालेला. जाताना सिम त्याच्याकडेच राहिले. कोणी मागितले नाही, त्यानेही दिले नाही. यात त्याची लबाडी होती असे नाही. तोच नंबर त्याच्या घरच्या गॅसला, बँकेला, मुलीच्या शाळेत दिलेला होता. पहिले काही दिवस सभासदांचे फोन येत राहिले, तो नव्या माणसाचा नंबर सांगत राहिला. पुढे कंटाळून रात्रीचा फोन बंद ठेवू लागला. पोर्टलवर तो नंबर चालू, नाव त्याचेच, बिल कारखान्याचे. एका सभासदाने रात्री जळिताची खबर द्यायला पाच-सहा वेळा तोच नंबर लावला, आणि शेवटी पहाटे मोटरसायकलवरून गट ऑफिस गाठले. गेलेल्या तासांचे वजन त्याला कोणी परत देणार नव्हते.

यात चूक शोधायला गेले तर ती कोणा एकाच्या अंगावर पडत नाही. नंबर माणसाच्या नावाने दिला गेला, तिथेच सगळे सुरू झाले. नंबर पदाचा असला पाहिजे. अमुक गटाचा शेतकी मदतनीस, अमुक गटाचे ऑफिस, काट्याचे ऑफिस, केन यार्ड. पोर्टलच्या यादीत वापरणाऱ्याचे नाव बदलत जाईल, पण पदाचा रकाना कायम राहील. आणि नोकरीवर घेतानाच सांगावे, की बाबा, हा नंबर कारखान्याचा आहे, घरच्या बँकेला आणि शाळेला तुझा स्वतःचा नंबर दे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. नंतर निस्तरायला दोन महिने.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाचे सिम सरळ बंद करून टाकायचे. तसे करू नये. सिम बंद करणे आणि नंबर सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टलवर सिम बदलाची मागणी टाकली की नंबर संस्थेकडेच राहतो, फक्त जुने सिम निरुपयोगी होते. नंबरच कायमचा सोडून दिला तर ९० दिवसांनंतर कंपनी तो कोणाही अनोळखी ग्राहकाला देऊ शकते. मग चिठ्ठीवर छापलेला आपल्या गटाचा नंबर लावला, की नांदेडला किंवा नागपूरला कोणी भलताच माणूस "कोण बोलतंय?" म्हणणार. व्हॉट्सॲपच्या गटात त्या नंबराने काय काय मिळू शकते ते तुम्हीच ताडा.

२०२३ चा बदल

पूर्वी संस्था घाऊक सिम घ्यायच्या आणि आपल्या माणसांना वाटायच्या. कोणते सिम कोणाच्या हातात आहे हे कंपनीला ठाऊक नसे, कित्येकदा संस्थेलाही नसे. अशा सिमचा फसवणुकीसाठी सर्रास वापर होऊ लागला, म्हणून दूरसंचार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये घाऊक सिमची पद्धत मोडीत काढून 'व्यावसायिक जोडणी' ही पद्धत जाहीर केली. संस्थेला हवे तितके नंबर घेता येतात, पण प्रत्येक नंबर प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाची ओळख-पडताळणी झाल्याशिवाय तो चालू होत नाही. वापरणारा बदलला की नव्या माणसाची पडताळणी पुन्हा करावी लागते. म्हणजे "माझं सिम घे, मी चाललो" असे हातोहात देणे आता नियमात बसत नाही.

काहींना हे त्रांगडे वाटते. मला यात फायदा दिसतो. लागण नोंदीच्या वेळी आपण सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख लिहितो. नंतर मदतनीस शेतावर जाऊन पाहणी करतो. कारण कागदावर एक एकर आणि शेतात तीस गुंठे असे निघू शकते, आणि त्या दहा गुंठ्यांनी पुढचा सगळा तोडणीचा प्रोग्रॅम चुकतो. फोनच्या नोंदीलाही पाहणी लागते. दरवर्षी सप्टेंबरमध्ये, बॉयलर पेटण्याआधी, पोर्टलवरून संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि यादीतला प्रत्येक नंबर लावून पाहावा. उचलतो कोण? त्याचे नाव यादीतल्या नावाशी जुळते का? तो त्याच पदावर आहे का? जे नंबर उचलले जात नाहीत, त्यांच्यावर खूण करावी. दोन माणसांचे दोन दिवसांचे काम आहे. संगणकावर बसून ते होत नाही, फोन लावूनच होते.

किल्लीची किल्ली

पोर्टलमध्ये शिरताना पासवर्डनंतर ओटीपी येतो. तो कोणाच्या मोबाईलवर? अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या. आणि तो निवृत्त झाला असेल तर? सहकारी संस्थांत हे वारंवार घडते. निवडणूक झाली, नवे मंडळ आले, की पहिल्याच सभेत बँकेच्या सह्या बदलण्याचा ठराव होतो. टेलिफोनच्या पोर्टलची आठवण कोणालाच होत नाही. ती होते तेव्हा बिल थकलेले असते, एखादा नंबर बंद पडलेला असतो, आणि ओटीपीसाठी माजी सचिवांच्या घरी, ते लेकीकडे पुण्याला गेलेले असताना, फोन करावा लागतो. म्हणून बँकेच्या सह्यांचा ठराव होईल त्याच सभेत पोर्टलचा अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलण्याचाही ठराव घ्यावा आणि कंपनीला पत्र द्यावे. ईमेल संस्थेचा असावा, कोणा व्यक्तीचा खाजगी नको. प्रशासक निदान दोन असावेत, म्हणजे एक रजेवर गेला तर काम अडत नाही. संगणक बसवून देणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्यातला एक करू नये. तो भला असेल, पण संस्थेला जबाबदार नाही.

ही किल्ली चोराच्या हाती गेली तर काय होते तेही समजून घेतले पाहिजे. ज्याच्या हाती प्रशासकाचे लॉगिन, तो एखाद्या नंबराचे सिम बदलून मागू शकतो. लेखा अधिकाऱ्याचा नंबर असा दुसऱ्या सिमवर गेला, की बँकेचे ओटीपी तिकडे जाऊ लागतात. यावर आळा म्हणून सिम बदलल्यानंतर २४ तास त्या नंबरावरचे एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हे तास आणि हे दिवस सावध होण्यासाठीच आहेत. चालू फोनची रेंज अचानक गेली, शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला नाही, असे झाले तर "टॉवर गेला असेल" म्हणून बसू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला ताबडतोब विचारावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, आणि तीही तासाभरात, दुसऱ्या दिवशी नव्हे.

"आपल्या पोर्टलची केवायसी संपली आहे, आलेला ओटीपी सांगा," असा फोन संस्थेच्या ऑफिसात येतो. कारकून नवा असेल तर सांगूनही टाकतो. ओटीपी हा आत शिरणाऱ्यानेच टाकायचा असतो, फोनवर सांगायचा नसतो, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला, शिपायापर्यंत, सांगून ठेवावे.

बिलाचा ताळा

हिशेब थोडक्यात मांडतो. समजा एखाद्या संस्थेकडे ६० नंबर आहेत आणि प्रत्येकी दरमहा ३०० रुपये भाडे आहे. महिन्याचे १८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४० रुपये, म्हणजे २१,२४० रुपये. आता यातले आठ नंबर कोणीच वापरत नाही असे धरा. कोणाचे सिम खणात पडले, कोणाचे हरवले. या आठ नंबरांचे करासह महिन्याला २,८३२ रुपये जातात आणि वर्षाला ३३,९८४. पोर्टलवर प्रत्येक नंबराचा वापर दिसतो. सलग तीन महिने ज्याच्यावर एकही कॉल नाही, असे नंबर वेगळे काढायला अर्धा तास पुरतो. मात्र काढले की लगेच तोडू नयेत. वर सांगितल्याप्रमाणे आधी तो नंबर कुठे छापलेला आहे का ते पाहावे. हंगामी कामगारांच्या नंबरांचे तर वर्षातून सहा-सात महिने कामच नसते. असे नंबर थोड्या भाड्यात राखून ठेवण्याची सोय काही कंपन्या देतात. ती विचारून घ्यावी.

जीएसटीचे एक सांगितले पाहिजे. संस्था नोंदणीकृत असेल आणि बिलावर तिचा जीएसटी क्रमांक बरोबर छापलेला असेल, तर या कराची वजावट मिळण्यासारखी असते. क्रमांक चुकीचा किंवा कोराच असेल तर ते पैसे बुडाले. पोर्टलमध्ये तो क्रमांक एकदा तपासून घेणे एवढेच काम आहे, पण ते करणारा भेटत नाही.

बिलात गफलत दिसली तर पोर्टलवरच तक्रार टाकावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक फाईलला लावावा. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्या अपिलाला पैसे पडत नाहीत.

फोनच हरवला तर आधी पोर्टलवरून सिम थांबवावे, मग पोलिसांत तक्रार द्यावी, आणि त्या तक्रारीच्या आधारे 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तो फोन बंद करून घ्यावा. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबले की तो दिसतो, पण फोन हरवल्यावर दाबणार कशावर? म्हणून फोन हाती देतानाच तो यादीत लिहून ठेवावा.

कारखान्याचे मेसेज

वजनाचा आणि बिलाचा मेसेज तुमच्या फोनवर येतो, तेव्हा वर दहा आकडी नंबर नसतो, इंग्रजी अक्षरे असतात. ही अक्षरे कोणालाही वापरता येत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेला ती अक्षरे आणि मेसेजचा मजकूर, दोन्ही आधी नोंदवावे लागतात. २०२५ पासून त्या अक्षरांच्या शेवटी एक आडवी रेघ आणि आणखी एक अक्षर लागते. सेवेच्या मेसेजला 'एस', जाहिरातीला 'पी', सरकारी मेसेजला 'जी'. तेव्हा "आपले ऊस बिल अडकले आहे, खालील लिंक दाबा" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला, तर तो कोणत्याही कारखान्याचा नाही असे समजावे. ऊस बिल लिंक दाबून जमा होत नसते.

विहिरीवरचे सिम

संस्थेचे पुष्कळ झाले. आता आपल्या वस्तीकडे वळू. मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलेले सभासद आता गावोगाव आहेत. रात्रपाळीची लाईट आली की घरातून मोटर चालू, मोठी सोय झाली. त्या पेटीत एक सिम असते. ते कोणाच्या नावावर आहे, असे मी गेल्या काही महिन्यांत शिवारात ज्यांना ज्यांना विचारले, त्यातल्या बऱ्याच जणांना डोके खाजवावे लागले. "पुतण्याच्या असेल." "बसवणाऱ्यानंच आणलं होतं, साहेब." पुतण्या नोकरीला गेला आणि त्याने नको असलेले नंबर बंद करून टाकले, तर इकडे मोटर मुकी होते. आणि बसवणाऱ्याच्या नावावर असेल तर आपल्या विहिरीची किल्ली त्याच्या घरी आहे असे समजा. ते सिम आपल्या नावावर नवे घेऊन बदलावे. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी वर्षानुवर्षे घोर कशाला?

या स्टार्टरला कोणत्या कोणत्या नंबरांचे ऐकायचे हे शिकवलेले असते. त्यातला एक मुख्य नंबर असतो, म्हणजे हेही छोटेसे प्रशासकाचे खातेच झाले. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सालगड्याचा नंबर त्यात अजून असेल, तर तो आपल्या गावी बसून आपली मोटर चालू करू शकतो. करेलच असे नाही. पण त्याचा नंबर उद्या दुसऱ्या कोणाकडे जाईल, आणि त्या परक्या माणसाच्या मिस्ड कॉलने मध्यरात्री मोटर चालू होऊन कोरडी फिरली, तर वाइंडिंग जळते. स्टार्टरच्या पुस्तिकेत नंबर काढून टाकण्याची रीत दिलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर दुकानदाराकडून विचारून घ्या, पण ती यादी एकदा साफ कराच.

आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत हे पाहण्याची सोय 'संचार साथी'वर मे २०२३ पासून आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी येते. जो नंबर आपला नाही, त्यापुढे तसे कळवायचे. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर नऊच सिम चालतात. स्टार्टर, मुलाचा फोन, जुना दुहेरी सिमचा फोन धरून काहींचे नऊ केव्हाच भरलेले असतात. आपल्या माघारी आपल्या कागदावर कोणी सिम घेतले असेल तर तेही याच यादीत सापडते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवून हे काम करावे, दहा मिनिटांचे आहे.

गटवार दुरुस्ती

या हंगामाच्या नोंदी तपासताना असे आढळते, की बऱ्याच सभासदांच्या लागण नोंदीवरचा मोबाईल नंबर आता त्यांच्याकडे नाही. कोणाचा बंद पडला, कोणाचा मुलासोबत शहरात गेला. वजनाचा मेसेज त्यामुळे भलतीकडे जातो, आणि "मला मेसेज आलाच नाही" म्हणून काट्यावर वाद होतो. तरी सभासदांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या गट ऑफिसात येऊन नोंदीवरचा नंबर वाचून पाहावा. बदल असल्यास दुरुस्तीच्या फॉर्मवर नवा नंबर लिहावा आणि सोबत नोंदीची पावती व बँक पासबुकाची प्रत आणावी. नंबर ज्याच्या नावाने ऊस नोंद आहे त्याच्याच वापरातला असावा. तोच नंबर बँक खात्याला जोडला आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे स्वतःचा फोन नाही, त्यांनी घरातील कोणाचा नंबर देत आहोत ते फॉर्मवर नात्यासह लिहावे. फॉर्म सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत. गटाच्या ऑफिसचे या हंगामाचे नंबर प्रत्येक ऑफिसच्या दारावर लावले आहेत. जुन्या चिठ्ठीवरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहावा, आणि जुळत नसेल तर जुनी चिठ्ठी फाडून टाकावी.